ग्रॅहॅम कौंटीचे दप्तर

(विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केला, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. पण मुक्त झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले, ती कुठे राहिली, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. त्यांतल्या काही जणांची हकीकत आज सांगतो.

अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्सस राज्य आहे. त्याच्या वायव्येस ग्रॅहॅम कौंटी. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. १८६७ साली तिच्या हद्दी आखल्या गेल्या आणि यादवी युद्धात धारातीर्थी पडलेल्या कॅप्टन जॉन ग्रॅहॅम यांचे नाव तिला मिळाले. पण ती होती फक्त नकाशावर. कचेरी नाही, अंमलदार नाही. या माळरानावर पूर्वी आदिवासी जमाती शिकार करीत. त्यांना सरकारने हटवले होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अशी जमीन १६० एकरांपर्यंत मिळे. पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, मग मालकी.

१८७७ साली डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी इतरांसह कंपनी काढून निकोडेमस गावाची आखणी केली. केंटकी राज्यात जाहिराती लागल्या. तिथले काळे लोक कायद्याने मुक्त होते, पण जमीन जुन्या मालकांचीच होती. सप्टेंबरात सुमारे ३०० माणसे निघाली. रेल्वेचे सर्वांत जवळचे स्थानक एलिस गावी होते. तिथून पुढे ३५ मैलांची वाट.

आणि पोहोचल्यावर काय दिसले? झाड नाही, लाकूड नाही. आधी आलेल्यांनी जमिनीत खणून घरे केलेली. विलियाना हिकमन ही बाई पुढच्या वसंतात आली. वाटेत एलिसला गोवराने तिच्या सोबत्यांची मुले दगावली होती. नवऱ्याने बोट करून गाव दाखवले, पण तिला गाव दिसेना. दिसला तो जमिनीतून वर येणारा धूर. तिला रडू कोसळले, हे तिनेच पुढे सांगून ठेवले आहे. कित्येक कुटुंबे परत फिरली. जी राहिली त्यांच्याकडे घोडे-बैल मोजकेच. कुदळ-फावड्याने त्यांनी जमीन उकरली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्यातले मांस त्यांना दिले, अशी आठवण त्या गावात जपलेली आहे. ज्यांची भूमी गेली त्यांनी भूमिहीनांना जगवले! जेनी फ्लेचर यांनी अशाच खणलेल्या घरात शाळा सुरू केली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १८८० साली कौंटीचा कारभार रीतसर सुरू झाला. गव्हर्नर सेंट जॉन यांनी तात्पुरते कौंटी क्लार्क नेमले ते एडवर्ड मॅकेब यांना. हे तिशीच्या आसपासचे कृष्णवर्णीय गृहस्थ १८७८ साली निकोडेमसला आले होते. क्लार्क म्हणजे साधा कारकून समजू नका. मंडळाचे ठराव, कराच्या याद्या, सारे दप्तर त्याच्या हाती. आपल्या वाडवडिलांना दप्तर म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. ते कुलकर्ण्याच्या बगलेत असे, आणि आपण वाड्याबाहेर उभे असू. कौंटीत गोरे बहुसंख्य असतानाही मॅकेब पुढे त्या जागेवर निवडून आले, आणि १८८२ साली राज्याचे हिशेब तपासणीस म्हणून निवडले गेले.

तरीही गावाचे भाग्य कागदावर टिकले नाही. १८८७ साली निकोडेमसकरांनी रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे देण्याचे मतदानाने ठरवले. १८८८ साली रेल्वे आली, पण नदीच्या पलीकडून, गावाला टाळून. दुकानदार उठून रेल्वेकाठच्या बोग गावी गेले. त्याच साली कौंटीचे ठाणे हिल सिटीला गेले. हे शहर त्याच हिल यांनी वसवले आणि त्यांचेच नाव त्याला आहे. रडणाऱ्या त्या बाईचे नाव कोणत्याही शहराला नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे आणि त्यासाठी वसाहत आयोग हवा असा ठराव झाला. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही ती मागणी मांडली. ही मागणी म्हणजे आपणहून वेगळे पडणे, असे काही विद्यार्थी मला म्हणतात. मला तसे वाटत नाही. निकोडेमसला माणसे होती, कष्ट होते, शाळा होती; पण रस्ता कुठून जाणार हे ठरवणारे हात दुसऱ्यांचे होते. म्हणून बाबासाहेब सरकारी जमीन आणि सरकारी आयोग मागत होते, नुसती परवानगी नव्हे.

१९९६ साली अमेरिकन सरकारने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. वस्ती आता अगदी थोडी आहे. दर उन्हाळ्यात मुक्तिदिनानिमित्त दूरदूरच्या शहरांतून त्यांचे वंशज तिथे जमतात. १९१८ साली बांधलेली शाळा अजून उभी आहे. तिचे नाव आहे, डिस्ट्रिक्ट नंबर एक.

जयभीम!