ठेंगण्या मोटारीचा उंबरठा

मोटार विकत घेतांना मनुष्य तिचा रंग पाहतो, तिच्या इंजिनाची चौकशी करतो, किंमत ऐकून क्षणभर थबकतोहि. परंतु स्वतःच्या घराचें फाटक मात्र पाहावयाचें विसरतो. मोटार शर्यतीच्या धाटणीची, ठेंगणी असली म्हणजे हा विसर लौकरच कानांवर येतो. फाटकाशीं रस्ता संपून आंतला उतार सुरू होतो तेथें खालून ‘खर्र’ असा आवाज निघतो, आणि मालक गाडींतून उतरून गुडघे टेकून खालीं वांकून पाहूं लागतो. दोष मोटारीचा कीं उताराचा, असा वाद मग घरांत सुरू होतो. वास्तविक दोष असतो तो दोहोंच्या जुळणीचा. आणि ही जुळणी गाडी घरीं आणण्यापूर्वींच मोजपट्टीनें पाहतां येण्यासारखी असते.

अशा मोटारी ठेंगण्या कां करतात, हें प्रथम पाहिलें पाहिजे. गुरुत्वमध्य जितका खालीं, तितकी गाडी वळणावर कमी कलते. उंची कमी असली म्हणजे हवेचा विरोधहि कमी होतो. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीनें 1964 सालीं जी शर्यतीची मोटार पुढें आणली, तिच्या ‘जीटी 40’ या नांवांतील आंकडा तिच्या उंचीचाच, म्हणजे 40 इंचांचा निदर्शक होता. या जातीच्या गाड्यांनीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत 1966 पासून 1969 पर्यंत लागोपाठ चार वर्षें जिंकली. परंतु शर्यतीच्या मार्गावर गटार नसतें, फाटक नसतें आणि पावसाचें पाणी अडविण्यासाठीं बांधलेला उंबराहि नसतो. मुंबई-पुण्याकडील जुन्या बंगल्यांची आणखी एक अडचण आहे. रस्त्यावर वर्षानुवर्षें डांबराचे थर चढत जातात व अंगण होतें तेथेंच राहतें. पूर्वीं जेथें सपाट प्रवेश होता तेथें आतां खालीं उतरणारी घसरण तयार झालेली असते.

मोटार तीन ठिकाणीं घासते: नाक, पोट आणि शेपूट. उताराच्या पायथ्याशीं, जेथें सपाटी संपून चढ सुरू होतो तेथें, नाक किंवा शेपूट टेकतें. माथ्याशीं, जेथें चढ संपून सपाटी येते तेथें, पोट टेकतें. उदाहरणादाखल अशी एक मोटार घ्यावी कीं, जिच्या दोन आंसांमधील अंतर 245 सेंटिमीटर, पोटाखालील मोकळीक 11 सेंटिमीटर, आणि जिच्या नाकाची खालची कड पुढील चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून 80 सेंटिमीटर पुढें व जमिनीपासून 12 सेंटिमीटर उंच आहे. उतार पांचास एक असेल, तर 80 सेंटिमीटरांत जमीन 16 सेंटिमीटर चढते. चाकाच्या गोलाईमुळें किंचित् सूट मिळते हें खरें, तरी नाक घासणारच. उतार आठास एक असेल तर जमीन 10 सेंटिमीटरच चढते व नाक वांचतें. माथ्यावरहि हाच न्याय आहे. पांचास एक उताराचा माथा दोन्ही चाकांच्या मधोमध आला म्हणजे तो चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या सुमारें 12 सेंटिमीटर वर येतो. मोकळीक 11 चीच असल्यामुळें पोट घासतें. आठास एक उतारावर तोच आंकडा साडेसातावर येतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. गाडीला अडथळा होतो तो उंचीपेक्षां आकस्मिकपणाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक नियमांत गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच व 3.7 मीटर रुंद, म्हणजे 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, असा सांगितला होता. वरील मोटार त्याच्यावर मधोमध आली असतां त्याचा माथा चाकांच्या रेषेच्या साडेचार सेंटिमीटरसुद्धां वर येत नाहीं. तितकाच उंच परंतु हातभर रुंदीचा ओबडधोबड बांध मात्र गाडीच्या दोन चाकांमध्यें सबंध मावतो आणि 11 पैकीं 10 सेंटिमीटर खाऊन टाकतो. उरलेला एक सेंटिमीटर एका धक्क्यांत संपतो.

उतार मोजण्यास इंजिनियर बोलवावयास नको. एक मीटर लांबीची सरळ फळी घेऊन तिचें एक टोंक उतारावर टेकवावें, वर गवंड्याची पाणसळ ठेवून फळी समतल करावी आणि दुसऱ्या टोंकाखालील पोकळी मोजावी. ती 20 सेंटिमीटर भरली तर उतार पांचास एक; साडेबारा भरली तर आठास एक. गाडी नेमकी कोठें घासते हें कळत नसेल, तर पायथ्याशीं व माथ्यावर खडूची जाड भुकटी पसरून गाडी अगदीं सावकाश न्यावी. तळाच्या ज्या भागास पांढरा डाग लागेल तोच अपराधी.

आतां उपाय. पहिला बिनखर्चाचा, तो हांकणाराच्या हातीं असतो. ब्रेक दाबतांच गाडीचें नाक खालीं झुकतें. म्हणून वेग उताराच्या आधींच कमी करावा आणि कोन ओलांडतांना ब्रेक दाबूं नये. मागें बसलेलीं माणसें व सामान उतरविलें तर स्प्रिंगा थोड्या वर येतात. वाट रुंद असल्यास गाडी तिरपी न्यावी. घाटाचा रस्ता डोंगरावर नाकासमोर चढत नाहीं, अंगावरून आडवा चढतो, त्यांतलेंच हें शहाणपण आहे. 45 अंशांनीं तिरपें गेल्यास पांचास एक चढ गाडीच्या दिशेनें सुमारें सातास एक होतो. शिवाय एक चाक आधीं चढून त्या बाजूचें नाक उचलतें. मात्र अरुंद फाटकांत याचा हट्ट धरूं नये. खालचें वांचवितां वांचवितां बाजू खरडली जाते.

दुसरा उपाय पाचरीचा. पायथ्याच्या खोबणींत, चाकांच्या वाटेवर, लांकडी अथवा जाड रबराच्या पाचरी घातल्या म्हणजे नाक उतारास पोंचण्यापूर्वींच चाक चढूं लागतें. माथ्यावर दोन्ही चाकोऱ्यांवर तीन-चार सेंटिमीटर जाडीचे, टोंकांशीं निमुळते पट्टे पसरल्यास गाडीचा मधला तळ तितकाच वर येतो. कडेच्या पट्ट्यांस मात्र याचा लाभ होत नाहीं. पाचर सरकणार नाहीं अशी बसवावी, आणि पावसाचें पाणी वाहण्यास तिच्याखालून वाट ठेवावी; नाहींतर पहिल्याच पावसांत पाणी घरांत येतें.

तिसरा उपाय खर्चाचा परंतु कायमचा: उतार नव्यानें बांधणें. एक तीव्र कोन मोडून त्याचे दोन सौम्य कोन करावे. सपाटी आणि पांचास एक उतार यांच्यामध्यें दहास एक उताराचा, निदान गाडीच्या दोन आंसांइतक्या लांबीचा टप्पा घातला, तर पोटाखालीं येणारा माथा 12 ऐवजीं 6 सेंटिमीटर होतो, आणि नाकापुढील चढ 16 ऐवजीं 8. हें फुकट मिळत नाहीं. त्यास जागा लागते. एक मीटर खालीं उतरावयाचें असेल तर पांचास एक उतार 5 मीटरांत पुरा होतो. वर व खालीं अडीच-अडीच मीटरांचे दहास एक टप्पे ठेवल्यास एकूण साडेसात मीटर लागतात. गवंड्यास काम सांगतांना हें गणित कागदावर काढून द्यावें, पृष्ठभाग खरखरीत ठेवण्यास सांगावें, पायथ्याशीं जाळीची मोरी करून घ्यावी, आणि काँक्रीटवर पाणी मारण्यांत हयगय करूं नये. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या हिशेबानें मोजतात. घाईनें गाडी घातली तर नवा उतार जुन्याहून वाईट होतो.

चौथा उपाय गाडीच्याच अंगीं असतो. सित्रोएन या फ्रेंच कंपनीनें 1955 सालीं आणलेल्या ‘डी एस’ मोटारींत तेल व वायू यांच्या दाबावर चालणारी अशी योजना होती कीं, एका दांड्यानें सगळी गाडी वर उचलतां येई. आज कांहीं ठेंगण्या मोटारींत कळ दाबतांच नाक कांहीं सेंटिमीटर उचलण्याची सोय मिळते. ज्याच्या फाटकाशीं उतार आहे त्यानें चामड्याच्या बैठकीपेक्षां ही सोय आधीं मागावी. उलट शोभेसाठीं स्प्रिंगा कापून गाडी आणखी बुटकी करणें हें आपल्या हातानें पायावर धोंडा पाडून घेणें होय. भारतांत मोटार वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करतांहि येत नाहीं.

नाकाची पट्टी खरडली तर दुःख रंगापुरतेंच असतें. परंतु इंजिनाच्या तळाशीं तेलाचें भांडें असतें, ज्यास गॅरेजवाले ‘चेंबर’ म्हणतात. त्यास तडा गेला तर तेल गळून जातें, आणि तेलावांचून चाललेलें इंजिन कांहीं मिनिटांत जाम होतें. म्हणून मोठा आवाज झाल्यास गाडी थांबवून खालीं ठिबक आहे कीं काय हें पाहावें. तेलाचा तांबडा दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावें. विजेच्या गाडींत त्याच जागीं बॅटरीचा संच असतो. तळास जबर ठोकर बसली असल्यास जाणत्याकडून तो तपासून घेतल्यावांचून ती गाडी चार्जिंगला लावूं नये.

एक गोष्ट मात्र गणिताबाहेरची आहे. आपल्या गाडीचें पोट वांचावें म्हणून कित्येक गृहस्थ उतार फाटकाबाहेर लांबवितात. गटार बुजवितात आणि पदपथावर सिमेंटचा उंचवटा घालतात. गाडीची अडचण त्यामुळें सुटते, परंतु ती सुटते म्हणजे रस्त्यानें जाणाऱ्या वृद्धाच्या पायांखालीं, आंधळ्याच्या काठीपुढें आणि शेजाऱ्याच्या जोत्याशीं जाऊन बसते. साडेसात मीटरांची लांबी हवी असेल तर ती अंगणांतून काढावी. अंगण तितकें नसेल तर उंच मोटार घ्यावी. दुकानांत शंभर मोटारी मिळतात. पदपथ सर्वांस मिळून एकच असतो.