पाइंट, वाटी आणि औषधाचा चमचा



केंब्रिजमध्ये दुधाची मोठी बाटली घेतलीत, की लेबलवर दोन आकडे दिसतात: ४ पाइंट आणि २.२७२ लिटर. आईनं फोनवर ‘बासुंदीला दोन लिटर दूध आटव’ असं सांगितलं, तर या बाटलीतलं पाव लिटरहून थोडं जास्त दूध चहाला उरेल. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. सात पाइंट म्हणजे जवळजवळ चार लिटर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मात्र हा झाला इंग्लंडचा पाइंट. अमेरिकेतला ४७३ मिलिलिटरचाच असतो. म्हणून तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली कृती करताना आधी विचारा, माप कुठलं?

हा घोळ आपल्याला नवा नाही. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची एक पायली. पण या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेलच, असं नव्हतं. भारतात १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आणली, ती यासाठीच.

तरी भात मात्र वाटीनं बिघडत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं.

औषधाला हा न्याय लावू नका. तिथं प्रमाण नव्हे, नेमकं माप लागतं. औषधाचा चमचा ५ मिलिलिटरचा. घरातला चमचा कमीजास्त भरतो. शिवाय औषध किती तीव्र आहे, तेही पाहायला हवं. इथल्या लहान बाळांच्या पॅरासिटामॉल सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध असतं. भारतातून आणलेल्या थेंबांच्या बाटलीत मात्र एकाच मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असू शकतं. ते थेंब सिरप समजून ५ मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे चौपटीहून जास्त!

आजी-आजोबा भारतातून येताना प्रेमानं औषधं आणतात. त्या बाटल्या आज एकदा काढून लेबलं वाचा. शंका आली तर फार्मसिस्टला विचारा, किंवा १११ ला फोन करा. बाटलीसोबत आलेली सिरिंज त्याच बाटलीला रबर लावून ठेवा. आणि बाळाला सांभाळणाऱ्याला ‘एक चमचा दे’ असं सांगू नका. किती मिलिलिटर, ते कागदावर लिहून द्या.

काळजी घ्या. नमस्कार!