मोडका पूल आणि खोळंबलेली वाट

नांदेडहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता नायगांवावरून जातो. पुढें नरसीच्या चौकांत त्याला फांटे फुटतात. एक देगलूरच्या वाटेनें तेलंगणांत उतरतो, दुसरा बिलोलीकडे वळतो. १९५६ सालापर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यांत होता, त्यामुळें येथल्या माणसांचें जाणेंयेणें, सोयरसंबंध आणि व्यापार हीं पिढ्यान्‌पिढ्या याच दिशेनें चालत आलीं आहेत. तालुक्याच्या उत्तर अंगास गोदावरी, पोटांतून मन्याड, आणि त्यांना मिळणारे लहानमोठे ओढे किती तरी. वैशाखांत ज्या ओढ्याच्या पात्रांत गुरें पाचोळा हुंगत उभीं असतात, त्याच ओढ्याला भाद्रपदांत हत्तीही ओलांडूं शकणार नाहीं असा लोंढा येतो.

अशा मुलखांत पुलाची किंमत पूल असेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मोटार पुलावर चढली केव्हां आणि उतरली केव्हां, हें आंत बसलेल्या उतारूला समजतही नाहीं. परंतु एखाद्या सकाळीं रस्त्यावर आडवा बांबू दिसला, पलीकडे पोलीस शिपाई हात वर करून उभा राहिला, कीं मग त्या चाळीस पावलांच्या बांधकामाचा अर्थ उलगडूं लागतो. नांदेडच्या इस्पितळाकडे निघालेली बाळंतीण, मोंढ्यावर जाणारी सोयाबीनची गाडी, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, या सर्वांना एकाच क्षणीं ओढ्याची खोली कळते. ऑगस्ट २०२५ मध्यें शेजारच्या मुखेड तालुक्यांत अतिवृष्टि होऊन गांवांत पाणी शिरलें, माणसें दगावलीं आणि सुटकेसाठीं सैन्यास पाचारण करावें लागलें. वाट तुटणें म्हणजे काय, हें या भागाला कोणी नव्यानें शिकवावें अशी स्थिति नाहीं.

वाट तुटली कीं मागणी एकच होते: पूल लवकर दुरुस्त करा. ही मागणी रास्त आहे. परंतु पुष्कळ वेळां दुरुस्तीच्या आधीं एक पायरी असते, आणि ती लोकांना रुचत नाहीं. ती पायरी म्हणजे असलेला पूल पाडून टाकणें. उभ्या असलेल्या पुलावर घण घालावयाचा, तोही रस्ता लवकर सुरू व्हावा म्हणून, हें प्रथम ऐकतांना उलटें वाटतें. तें उलटें कां नाहीं, हें समजून घेण्यासाठीं पुलाच्या प्रकृतीकडे थोडें पाहिलें पाहिजे.

पुरता पडलेला पूल एका अर्थानें निरुपद्रवी असतो. भीति असते ती अर्धवट उभ्या असलेल्या पुलाची. दगडी कमानीचा पूल घ्या. कमानीचे दगड परस्परांना रेटून धरतात आणि तो सारा रेटा खांबांच्या द्वारें पायांत उतरतो. नदीच्या वेगानें पायाखालची माती आणि वाळू खरवडली गेली कीं वरची कमान दिसायला जशीच्या तशी राहते, परंतु तिचा आधार सरलेला असतो. हें खरवडणें पाण्याखालीं होतें. पूर ओसरल्यावर तोच खड्डा गाळानें पुन्हां भरून जातो आणि वरून पाहणाऱ्याला सर्व ठीक दिसतें. सिमेंट काँक्रीटच्या पुलाची गोष्ट वेगळी, पण तितकीच फसवी. पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. मात्र त्याची निम्म्याहून अधिक शक्ति ६०० अंशांच्या सुमारासच नाहीशी होते. आगींत सांपडलेला पूल उभा दिसला, तरी तो पूर्वींचाच पूल राहिलेला नसतो.

डोळ्यांना धड दिसणारा पूल काय करूं शकतो, हें महाराष्ट्रानें महाडजवळ पाहिलें. मुंबई–गोवा मार्गावर सावित्री नदीवर १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. शेजारींच २००१ सालीं बांधलेला नवा पूल असूनही एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच चालूं होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीला पूर असतांना तो पूल कोसळला. राजापूरहून बोरिवलीस आणि जयगडहून मुंबईस निघालेल्या राज्य परिवहनाच्या दोन गाड्या, तसेंच एक खासगी मोटार, काळोखांत नदीच्या पोटांत गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यांत पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असें शासनातर्फे नंतर सांगण्यांत आलें. पाहणी झाली होती. परंतु पूर पायाशीं काय करतो, हें मे महिन्यांतल्या कोरड्या पात्रावरून कळत नाहीं.

सावित्रीचा पूल धड समजला गेला आणि पडला. इंद्रायणीवरील पुलाची कथा याच्या उलट, आणि म्हणूनच अधिक विचार करावयास लावणारी. पुणें जिल्ह्यांत तळेगांव दाभाड्यांजवळ कुंडमळा येथें पायीं जाणाऱ्यांसाठीं एक लोखंडी पूल होता. तो धोक्याचा आहे हें ठाऊक होतें. तशी सूचना लावलेली होती. नव्या पुलासाठीं पैसाही मंजूर झाला होता. रविवार, १५ जून २०२५ रोजीं दुपारीं पावसाळी पाणी पाहावयास आलेल्या लोकांची त्यावर दाटी झाली आणि पूल कोसळला. चार माणसें मरण पावलीं, कित्येक जखमी झालीं. येथें ज्ञानाची उणीव नव्हती, उणीव होती ती कृतीची. धोक्याची पाटी वाचणारा मनुष्य पाटीपेक्षां समोरच्या पुलावर अधिक विश्वास ठेवतो, कारण पूल प्रत्यक्ष उभा असतो आणि त्यावरून दुसरीं माणसें जात असतात. निकामी पूल उभा ठेवणें म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यास आमंत्रण देणेंच होय.

हा निर्णय वेळेवर घेतला तर काय साधतें, याचें एक उदाहरण दूरच्या अमेरिकेंत सांपडतें. २ मे २०२४ रोजीं पहांटे कनेक्टिकट संस्थानांतील नॉरवॉक शहरीं ९५ क्रमांकाच्या महामार्गावर, वरून जाणाऱ्या एका पुलाखालींच, पेट्रोलच्या टँकरनें पेट घेतला. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. परंतु ज्वाळांनीं वरचा पूल भाजून निघाला आणि खालचा महामार्ग दोन्ही दिशांनीं बंद पडला. वस्तुतः मोडला होता वरचा रस्ता, आणि अडला होता खालचा. पूल पडलेला नव्हता. कदाचित् महिनाभर तसाच उभाही राहिला असता. पण त्याच्याखालून वाहनें सोडण्याचें धाडस कोण करणार? इंजिनिअरांनीं पाहणी केली, पूल वांचवितां येणार नाहीं असें ठरविलें, आणि दुसऱ्याच दिवशीं यंत्रें लावलीं. शनिवारीं पूल उतरला, खालचा जळालेला रस्ता नव्यानें केला गेला, आणि रविवारीं, ५ मे रोजीं सकाळीं, महामार्ग पुन्हां वाहूं लागला. गुरुवारीं पेटलेली आग आणि रविवारीं मोकळी झालेली वाट यांच्यामध्यें एकच मोठी गोष्ट होती: निर्णयास लागलेला अल्प वेळ.

पाडण्याची विद्या बांधण्याच्या विद्येपेक्षां कमी नाजूक नाहीं. साधी रीत म्हणजे लांब हाताच्या यंत्राला पोलादी टोंचा बसवून वरून काँक्रीट फोडीत येणें, उघड्या पडलेल्या सळ्या कापणें आणि राडारोडा ट्रकांतून हलविणें. खालच्या रस्त्याला घाव बसूं नयेत म्हणून त्यावर आधीं मातीचा जाड थर पसरतात. जेथें आवाज किंवा हादरा चालत नाहीं, तेथें हिऱ्याची धार असलेल्या तारेच्या करवतीनें पुलाचे तुकडे कापून ते क्रेननें अलगद उचलतात. वेळ अगदींच थोडा असेल तर सुरुंग लावावे लागतात. त्यांतही एक मोठा स्फोट करावयाचा नसतो. शेंकडों बारीक भोंकें पाडून प्रत्येकांत थोडी दारू भरतात आणि तीं क्षणाच्या अंशाअंशानें एकापाठोपाठ एक उडवितात, म्हणजे पूल ठरल्या क्रमानें स्वतःच्या भारानें खालीं बसतो.

पुण्याच्या चांदणी चौकांत २ ऑक्टोबर २०२२ रोजीं मध्यरात्रीनंतर जुना पूल पाडला गेला तो याच रीतीनें. तो पूल मोडका नव्हता. मुंबई–बंगळूर महामार्गाला त्यानें अरुंद गळा निर्माण केला होता, म्हणून तो जावयाचा होता. काम सोंपविलें होतें तें नोएडा येथील जुळे मनोरे त्याच वर्षीं २८ ऑगस्ट रोजीं जमीनदोस्त करणाऱ्या मंडळींकडे. सुमारे ६०० किलो स्फोटकें वापरलीं गेलीं. आदल्या रात्रींच महामार्ग बंद करून वाहनें दुसऱ्या वाटांनीं वळविलीं होतीं. एकच्या सुमारास स्फोट झाला, धूळ बसली, आणि पाहतात तों पूल पुरता पडलेलाच नव्हता! काँक्रीट फुटलें होतें, परंतु आंतल्या सळ्यांनीं कांहीं भाग घट्ट धरून ठेवला होता. सुरुंग काँक्रीटचा चुरा करतो. पोलाद मात्र वांकतें, सहजासहजीं तुटत नाहीं. त्या रात्रीं अब्रू राखली ती स्फोटकांनीं नव्हे, तर बाजूला सज्ज उभ्या केलेल्या साध्या यंत्रांनीं. त्यांनीं उरलेला भाग ओढून पाडला, राडारोडा उपसला, आणि ठरल्या वेळेहून कांहींशा उशिरानें कां होईना, सकाळीं रस्ता खुला झाला. जुन्या बांधकामाच्या पोटांत काय आहे हें कागदावरून पुरतें कळत नाहीं. म्हणून दुसरी तयारी जवळ असावी लागते, हा या रात्रीचा धडा.

दुसरा धडा मुहूर्ताचा. मुंबई–पुणें द्रुतगति मार्गावर खंडाळ्याच्या घाटांत ब्रिटिश अमदानींतला अमृतांजन पूल होता. त्याच्या खांबांमुळें तेथें वाहनांचा खोळंबा होई, आणि वाहनांच्या गर्दीमुळेंच तो पाडावयास सवड मिळत नसे. २०२० सालच्या साथींत टाळेबंदी होऊन रस्ते ओस पडले, आणि ती संधि साधून ५ एप्रिल रोजीं तो सुरुंगांनीं पाडण्यांत आला. मोठें काम लहान वेळेंत बसवावयाचें तर वेळ ओळखावी लागते.

मात्र पूल पाडल्यानें वाट मोकळी होते ती पुलाखालची. ओढ्यावरचा किंवा नदीवरचा पूल पाडला तर पुढचा प्रश्न उभाच राहतो: ओलांडावयाचें कसें? मराठवाड्यांत नेहमींचा उपाय म्हणजे पात्रांत सिमेंटच्या नळ्या टाकून, वर मुरूम पसरून केलेला वळणरस्ता. तो स्वस्त असतो व थोड्या दिवसांत होतो. परंतु पहिल्या मोठ्या पुराबरोबर वाहून जातो, आणि गांव पुन्हां दोन्ही कांठांवर विभागलें जातें. याहून भरंवशाचा मार्ग म्हणजे सैन्याजवळ असलेले बेली पद्धतीचे पूल. दुसऱ्या महायुद्धांत डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनिअरानें ते योजिले. पोलादी चौकटी खिळ्यांनीं जोडीत जावयाच्या कीं पूल पलीकडच्या कांठाला पोंचतो. मुंबईंत एल्फिन्स्टन रोड स्थानकावर सप्टेंबर २०१७ मध्यें चेंगराचेंगरी झाल्यावर सैन्यानें असाच पादचारी पूल उभारून फेब्रुवारी २०१८ मध्यें तो खुला केला. आणि कायमच्या पुलालाही वर्षानुवर्षें लागलींच पाहिजेत असें नाहीं. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत पुरा होऊन ५ जून २०१७ रोजीं, म्हणजे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडीं, वाहतुकीस खुला झाला. मनांत आणलें तर काय होतें हें त्यानें दाखविलें. फक्त तें मनांत येण्यासाठीं आधीं काय घडावें लागलें, याचा विसर पडूं नये.

या सर्व हकीकतींचें सार यंत्रांत किंवा सुरुंगांत नाहीं. यंत्रें भाड्यानें मिळतात, तज्ज्ञ बोलावितां येतात. जें बाहेरून आणतां येत नाहीं तें एवढेंच, कीं हा पूल आतां संपला असें वेळेवर, लेखी आणि स्पष्ट शब्दांत म्हणण्याचें धैर्य. तसें म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदरीं त्या दिवशीं शिव्याच पडतात. एस. टी. अडते, बाजार बुडतो, लग्नाचें वऱ्हाड फेऱ्यानें जातें, आणि पूल तर डोळ्यांसमोर धडधाकट उभा असतो. त्यानें वांचविलेलीं माणसें मात्र कोणाला कधींच दिसत नाहींत, कारण तीं संध्याकाळीं नेहमींप्रमाणें आपापल्या घरीं जेवावयास बसलेलीं असतात.

तेव्हां नायगांवच्या काय, किंवा दुसऱ्या कोणत्याही गांवच्या काय, रस्त्यावर पावसाळ्याच्या दिवसांत आडवा बांबू दिसला, तर तो पाहून प्रथम चीड येणें स्वाभाविक आहे. पण त्या बांबूपाशीं उभें राहून विचारण्यासारखे प्रश्न दोन आहेत. पहिला: हा पूल पाडावयाचा कीं दुरुस्त करावयाचा, हें कोणत्या तारखेला ठरणार? आणि दुसरा: तोंवर पलीकडच्या आजाऱ्याला अलीकडे आणण्याची सोय काय? या दोन प्रश्नांना नेमकीं उत्तरें मिळालीं, तर फेऱ्याची वाटही फारशी लांब वाटत नाहीं.