रिस्पाचे गोणपाट

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुष्कळ ख्रिस्तमंदिरांत मातृदिन पाळला जातो. त्या दिवशी उपदेशासाठी बहुधा नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय निवडतात, आणि तोही १० व्या वचनापासून. तेथे सद्गुणी स्त्रीचे वर्णन आहे. ती रात्र सरण्यापूर्वी उठते, सूत कातते, शेत विकत घेते, दीनदुबळ्यांना हात देते. तिची मुले तिला धन्य म्हणतात. वर्णन सुंदर आहे. ते ऐकून कित्येक मातांना समाधान वाटत असेल. एखादीला आपण यात किती उण्या पडतो, अशी रुखरुखही लागत असेल. परंतु त्याच अध्यायातील पहिली नऊ वचने अशा प्रसंगी सहसा वाचली जात नाहीत. ती लमुवेल नावाच्या राजाची आहेत आणि त्याला ती त्याच्या आईने शिकविली आहेत. मद्याच्या नादी लागून न्याय विसरू नकोस आणि जो मुका आहे, ज्याला वाली नाही, त्याच्यासाठी तू आपले तोंड उघड, असे ती त्याला बजावते.

हा लमुवेल कोठला, हे शास्त्र सांगत नाही. त्याच्या आईचे नावही देत नाही. पण सिंहासनावर बसणाऱ्याला शहाणपण शिकविणारी ही आई डोळ्यांपुढे ठेवून शास्त्रातील इतर मातांकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मातांची स्तुती करण्याची सवय ख्रिस्ती समाजाला पूर्वीपासून आहे. त्यांचे ऐकण्याची सवय मात्र शास्त्रातील मोठमोठ्या माणसांनाही नव्हती. ती त्यांना लावून घ्यावी लागली.

हन्नेची कथा बालबोधवर्गातील मुलांनाही ठाऊक असते. तिला मूल नाही, सवत तिला टोचून बोलते, नवरा प्रेमळ आहे. पण मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही काय, असे विचारून तो मोकळा होतो. बिचाऱ्या एलकानाला दुःखाची ही जात कळलेली नाही. मग हन्ना शिलो येथील मंदिरात जाऊन प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, आवाज मात्र बाहेर येत नाही. दारापाशी आसनावर बसलेला वृद्ध याजक एली ते पाहतो आणि ही बाई प्यालेली आहे असे ठरवून तिला दटावतो. ज्याचे आयुष्य प्रार्थना ऐकण्यात गेले, त्याला समोर चाललेली प्रार्थना ओळखता आली नाही! हन्ना नम्रपणे, पण ठामपणे त्याची चूक दाखवून देते. आणि एलीचेही श्रेय नाकारता येत नाही. तो आपला शब्द मागे घेतो व तिला आशीर्वाद देऊन पाठवितो. पुढे याच बाईचा मुलगा शमुवेल एलीच्या हाताखाली वाढतो. आई दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेते. मुलगा वाढत असेल, तसे झग्याचे मापही ती मनाशीच वाढवीत असेल.

शास्त्राने मातांना सरसकट देव्हाऱ्यात बसविलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. आंधळ्या नवऱ्याला फसवून धाकट्याला आशीर्वाद मिळवून देणारी रिबका आईच होती. आपल्या दोन मुलांना येशूच्या राज्यात उजवीडावीकडच्या जागा मागणारी जब्दीची बायकोही आईच, आणि मुलीकरवी योहानाचे शिर तबकात मागविणारी हेरोदिया तर आईच्या नावाला काळिमाच होय. तेव्हा शास्त्र जेथे एखाद्या आईपुढे मोठ्या माणसांना थांबायला लावते, तेथे तसेच कारण असले पाहिजे.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात असे एक कारण आहे. ही कथा क्वचितच कोणी उपदेशाला घेतो. दाविदाच्या राज्यात लागोपाठ तीन वर्षे दुष्काळ पडला. शौल राजाने गिबोनकरांचा संहार केला, त्याचे हे पातक आहे, असे दाविदाला कळले. गिबोनकर हे परके लोक. इस्राएलाने त्यांना पूर्वी अभयाची शपथ दिली होती आणि शौलाने ती मोडली होती. दाविदाने त्यांनाच विचारले की भरपाई कशी करू? त्यांनी सोनेरुपे मागितले नाही. शौलाच्या वंशातील सात पुरुष मागितले. राजाने ते दिले. येथे एक बारकावा दृष्टीआड होऊ नये: सात जिवांची ही मागणी गिबोनकरांची आहे, परमेश्वराने ती केली, असे शास्त्र म्हणत नाही. त्या सातांत शौलाच्या मुलीचे पाच मुलगे होते आणि रिस्पा या त्याच्या उपपत्नीचे दोन. सातूच्या हंगामाच्या आरंभी त्यांना डोंगरावर एकाच वेळी मारून टांगण्यात आले.

रिस्पा ही राजवाड्यातली खरी, पण राणी नव्हे. शौल मेल्यावर तिच्यावरून त्याचा मुलगा आणि सेनापती अबनेर यांचे भांडण जुंपले, तेव्हाही तिला कोणी काही विचारले नव्हते. आता तिचे दोन्ही मुलगे गेले. तिने एक गोणपाट घेतले, ते खडकावर अंथरले आणि ती तेथे बसली. हंगामाच्या आरंभापासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत ती तेथून उठली नाही. दिवसा तिने पाखरांना प्रेतांवर बसू दिले नाही, रात्री श्वापदांना जवळ येऊ दिले नाही. हे दिवस किती, ते शास्त्र मोजून सांगत नाही. पॅलेस्टाइनमध्ये सातू वसंतात कापतात आणि नेहमीचा पाऊस शरदात येतो; म्हणजे तो काळ कदाचित महिन्यांचा असेल. आणि तिने राखले ते केवळ आपले दोन नव्हेत. दुसरीच्या पोटचे पाचही त्यात होते.

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे टांगलेल्याचे प्रेत रात्रभर तसे ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे. राजाला हा नियम ठाऊक नसेल असे नाही. राज्यकारभाराच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते, एवढेच. रिस्पेने त्याविरुद्ध फिर्याद केली नाही, दाविदाला शाप दिला नाही. संपूर्ण शास्त्रात तिच्या तोंडी एक शब्दही नाही. पण ती काय करीत आहे, ते लोकांनी राजाच्या कानावर घातले, आणि तो हलला. दुसरीकडे पुरलेल्या शौलाच्या व योनाथानाच्या अस्थी त्याने स्वतः जाऊन आणविल्या, टांगलेल्यांच्या अस्थी गोळा करविल्या आणि त्यांच्या वाडवडिलांच्या भूमीत पुरविल्या. त्यानंतर देशासाठी केलेली विनंती देवाने ऐकली, असे शास्त्र सांगते. सातांना मारल्यानंतर नव्हे. त्यांना माती मिळाल्यानंतर.

येशूच्या शिष्यांनाही हा धडा सुटला नाही. सोर व सीदोन यांच्या प्रांतात एक कनानी बाई आपल्या मुलीसाठी ओरडत त्यांच्या मागे आली, तेव्हा हिला वाटेला लावा, असे त्यांनी गुरूला सुचविले. ती गेली नाही. मेजाखाली पडणाऱ्या चुऱ्यावरही आपला हक्क आहे, असे तिने उत्तर दिले, आणि गुरूने सर्वांदेखत तिच्या विश्वासाला थोर म्हटले. पुढे वधस्तंभाजवळ मरीया उभी होती, तेव्हा त्यांतले बहुतेक पळून गेले होते. तिच्याही तोंडी त्या वेळचा एक शब्द नोंदलेला नाही.

रिस्पेची ही कथा मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई या एक होत. त्यांना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, अरण्यातल्या आश्रमात. १८७४ च्या सुमारास दुष्काळात ती आई अन्नावाचून गेली. प्रेत उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीला हात दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा त्यांनी आणल्या, त्यांना केडगावात आसरा दिला आणि पुढे त्यांतल्या कित्येकींच्या हाती छापखान्याचे खिळे दिले. इब्री आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी तेथेच केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही डोळे मिटले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्यात तो २१ वा अध्याय आहे, खडकावर अंथरलेल्या त्या गोणपाटासह.