सॉफ्टवेअर विकणारी बाई आणि दोन प्रश्न
(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मी पतसंस्थांसाठी आणि बचत गटांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते आणि विकते. ते ‘व्हिज्युअल फॉक्सप्रो’मध्ये आहे. एके काळी आपल्याकडची कितीतरी दुकानं, कारखाने, पतसंस्था फॉक्सप्रोवर चालायच्या. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. तरी मी त्यात टिकले, कारण ते जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, गिऱ्हाइकाला वेगळा परवाना घ्यावा लागत नाही, आणि मला ते नीट येतं.

एका पतसंस्थेत मी प्रात्यक्षिक दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, ही भाषा आता वापरतं कोण? उद्या तुमचं लग्न झालं, तुम्ही गावाला गेलात, तर आम्ही कुणाकडे बघायचं?” मी चिडले. “बाई आहे म्हणून विचारता ना?” म्हणाले आणि उठले. काम गेलं.

राग खोटा नव्हता. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्लींनी १९६२ मध्ये सॉफ्टवेअरची कंपनी काढली, तेव्हा गिऱ्हाइकांनी दाद द्यावी म्हणून त्या पत्रांवर ‘स्टीव्ह’ अशी सही करत. लग्नाचा प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही. पण त्या वाक्यात दोन प्रश्न होते, आणि दुसरा रास्त होता. हे मला उशिरा कळलं.

पुढे एका महिला गटानं मला बोलावलं. त्यांचा आधीचा प्रोग्रामर निघून गेला होता. फाइल उघडली, आकडे दिसले. पण नावांच्या जागी नुसती अगम्य चिन्हं. फॉक्सप्रोला युनिकोड येत नाही. म्हणून मराठी नावं एका विशिष्ट फाँटमध्ये भरलेली, आणि तो फाँट कुणाकडेच नव्हता. कुणाची बचत किती, हेच कळेना. बायकांनी पासबुकं गोळा केली, एकेक आकडा जुळवत नावं लावली. तेव्हा माझी मान खाली गेली. माझ्या गिऱ्हाइकांवर ही वेळ आली असती तर?

आता मी पहिल्या भेटीतच सांगते, माझं साधन जुनं आहे. आणि करारात लिहून देते: दर महिन्याला सगळी खाती एक्सेलमध्ये उघडतील अशा फाइलमध्ये, नावं युनिकोडमध्ये बदलून देईन. खतावणी कागदावर छापून देईन. प्रोग्रामचा सोर्स कोड बंद पाकिटात संस्थेकडे राहील. तुमच्यातल्या दोघींना काम शिकवीन. यानंतर काही गिऱ्हाइकं गेली. राहिली ती विश्वासानं राहिली.

लग्नाबद्दल विचारलं, तर शांतपणे म्हणते, “हा प्रश्न तुम्ही पुरुषाला विचारता का?”

मैत्रिणींनो, उद्या कुणी तुम्हाला मोबाइलवरचं नवं चकचकीत ॲप विकायला येईल. त्यालाही विचारा: तू गेलास तर आमचा हिशेब आमच्या हातात राहील का? मलाही विचारा. मी रागावणार नाही. पै-पै आपली, तर किल्लीही आपल्याच कमरेला हवी.