म्हातारपण आपल्याच गावात



मंडळाच्या वाढदिवशी चार शब्द बोलायला मला सांगितले. मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. पण वर्षभर आपण ज्याविषयी नुसते बोलतो आहोत, ते म्हाताऱ्या माणसांच्या निवाऱ्याचे काम आज पक्के व्हावे, एवढ्यासाठी उभी राहिले आहे.

आपल्या कोकणात घरे मोठी आणि माणसे थोडी, अशी गत झाली आहे. २००१ ते २०११ या १० वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायची ती घटली. मुले मुंबई-पुण्याला असतात. गणपतीला, शिमग्याला येतात, पैसे पाठवतात. त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण मधल्या दिवसांचे काय? आपल्या वाडीतल्या एक आजी गेल्या पावसाळ्यात मागीलदारी घसरून पडल्या. रात्रभर तशाच पडून होत्या. सकाळी दूधवाला आला तेव्हा कळले. मांडीचे हाड मोडले होते. आता त्या मुलाकडे मुंबईला चौथ्या मजल्यावर असतात. सून चांगले करते. तरी फोनवर विचारतात, "माझ्या तुळशीला पाणी कोण घालतं ग?"

"म्हणजे तुम्ही वृद्धाश्रम काढणार?" असे काहीजणी विचारतात. तसे नाही. देवळाजवळचे बंद घर एका चाकरमान्याने वापरायला देऊ केले आहे. त्यात ६ खोल्या निघतील. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची कडी. जेवण मात्र एकत्र. उंबरठे काढायचे, संडास घरातच, धरायला भिंतीला दांडी आणि रात्रभर दिवा. दिवसा आपल्या घरी जावे, तुळशीला पाणी घालावे, कलमे बघावीत. रात्री मात्र हाकेला ओ देणारे कोणी असावे.

खर्चाचे म्हणाल, तर ज्याला जमेल त्याने आपला वाटा द्यावा. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना पैसे मिळतात. २०२३ साली ती रक्कम महिना दीड हजार झाली. तेवढ्यात भागणार नाही. म्हणून भात झोडून झाले की दर घरामागे एक पायली तांदूळ आपण काढू या.

दोन गोष्टी मात्र कागदावर हव्यात. घरमालकाशी मुदतीचा लेखी करार करावा. आणि खोलीच्या बदल्यात कोणाचेही घर, जमीन किंवा सोने लिहून घ्यायचे नाही, असा ठराव करावा. शिवाय २००७ च्या कायद्याप्रमाणे आईबापांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे. आपण निवारा काढला म्हणून ते सुटत नाही, हे मुलांनाही कळू द्या.

पहिली खोली त्या आजींसाठी ठेवू या. त्यांना परत यायचे आहे; मुलगाही हो म्हणाला आहे.

आता राहिली रात्रीची सोबत. आठवड्याला सात बायका लागतील. मंगळवार माझा लिहून घ्या. बाकीचे सहा वार घरी जाण्यापूर्वी तुम्ही भरा.