दोघांचें एक घर

(पॅरिशच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



निवृत्तीनंतरच्या सुखी जीवनाविषयीं मीं चार शब्द बोलावे, अशी महोत्सव-समितीची इच्छा आहे. विषय गोड आहे. पेन्शन, नातवंडें, यात्रा, सवडीनें होणारी प्रार्थना, अशीं या सुखाचीं अंगें कोणासहि मोजतां येतील. परंतु ज्यास आपल्या घरोघरीं जाण्याचा प्रसंग येतो, त्यास या सुखाच्या आड दुसरेंहि कांहीं दिसतें. आणि तें आज आपल्याच माणसांत बोललें नाहीं, तर मग कोठें बोलावयाचें? म्हणून समितीच्या अनुमतीनें मी विषय थोडा आवळून घेतों. निवृत्त पतिपत्नींचें एक वर्ष कसें जातें, आणि त्या वर्षांतील किती दिवस तीं एका छपराखालीं असतात, एवढेंच आज पाहूं.

उदाहरण आपल्यांतीलच एका जोडप्याचें घेतों. त्यांच्या संमतीनेंच बोलत आहें. नांव मात्र सांगत नाहीं. पति छापखान्यांत पस्तीस वर्षें यंत्रावर उभे राहिलेले. पत्नी प्राथमिक शाळेंत शिक्षिका होत्या. सन २०२५ चा आरंभ त्यांनीं जुन्या गोव्यांत केला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा, दहा वर्षांनीं येणारा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ रोजीं सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ रोजीं संपला. त्याच्या अखेरच्या आठवड्यांत हीं दोघें कोंकण रेल्वेनें तेथें जाऊन आलीं. मार्चांत त्यांची जुनी इमारत पुनर्बांधणीसाठीं रिकामी करावी लागली, आणि सारा संसार दोन टेंपोंत भरून तीं परळास भाड्याच्या जागेंत आलीं. पुढें थोरल्या मुलीचें बाळंतपण कॅनडांत टोरोंटोजवळ व्हावयाचें होतें. तिकीट आलें तें एकट्या आजीचें. १७ एप्रिल रोजीं, पवित्र गुरुवारीं, आजी विमानांत बसल्या; त्या वर्षींचा ईस्टर आजोबांनीं एकट्यानें केला.

मे महिन्यांत नात झाली. त्याच महिन्यांत या दोघांच्या विवाहास चाळीस वर्षें पूर्ण झालीं. उन्हाळ्यांत टोरोंटोचें घड्याळ आपल्या घड्याळाहून साडेनऊ तास मागें असतें. रात्रीं साडेदहास आजोबा निजावयाच्या तयारींत होते, आणि तिकडे दुपारच्या एक वाजतां आजी बाळाचे लंगोट वाळत घालीत होत्या. फोनच्या पडद्यावर दोघांनीं एकमेकांस शुभेच्छा दिल्या. जूनमध्यें शाळा उघडल्या, तेव्हां विरारच्या मुलानें कळविलें कीं, आम्ही उभयतां नोकरीवर जातों, थोरल्यास शाळेच्या बसपर्यंत पोंचविणारें कोणी नाहीं. आजोबा कपड्यांची पिशवी घेऊन विरारला गेले. ऑक्टोबरच्या २४ तारखेस आजी परत आल्या. डिसेंबरांत पुण्यास नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलीचें लग्न थाटानें झालें.

एक यात्रा, एक स्थलांतर, एक जन्म, एक विवाह! मीं विचारलें, ‘वर्ष कसें गेलें?’ आजोबा म्हणाले, ‘देवाची कृपा, फादर. सगळें चांगलें झालें. फक्त एकशेंनव्वद दिवस आम्ही दोन घरांत होतों.’ आयुष्यांत ज्यांनीं स्वतःची रजा कधीं मोजली नाहीं, त्यांनीं हे दिवस मात्र मोजून ठेवले होते.

बंधुभगिनींनो, यांत कोणाचा दुष्टपणा आहे असें मी म्हणत नाहीं. मुलगी प्रेमळ आहे, मुलगा कष्टाळू आहे, सून आदरानें वागणारी आहे. घडतें तें असें कीं, प्रत्येक मूल आपली अडचण पाहतें आणि त्या अडचणीस आईबापांपैकीं जें उपयोगीं पडेल तें बोलावतें. शेत वाटावें, भांडीं वाटावीं. पण आईबाप वाटले जात आहेत हें वाटणाऱ्यांच्या ध्यानांतच येत नाहीं.

पूर्वी हें शक्यच नव्हतें. गिरगांव, परळ, लालबाग या भागांतील चाळी आठवा. बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत तीन पिढ्या नांदत. तेथें एकांत नव्हता, स्वच्छतागृह सामाईक होतें, आणि भांडणेंहि होत. तें जिणें सुखाचें होतें अशी खोटी स्तुति मी करणार नाहीं. पण त्या खोलींत आजोबा-आजींस एकमेकांपासून दूर ठेवण्यास जागाच नव्हती. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर हजारों घरांची मिळकत तुटली, गिरण्यांच्या जागीं मनोरे उठले, आणि नव्या संसारांनीं वसई, विरार, कल्याण, डोंबिवली गांठली. कित्येक आखातांत गेले, कित्येक त्याहूनहि दूर. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांचीं नवीं घरें मिळालीं, याचा मला मनापासून आनंद आहे. जागा तिपटीनें वाढली. त्या जागेंत संध्याकाळीं दिवा लावावयास दोघें आहेत कीं एकच, हें मात्र ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें.

या ठिकाणीं आपल्या परंपरेंतील आदि आजोबा-आजींची आठवण होते. संत योआकीम व संत आन्ना हीं मरियामातेचीं आईवडील. त्यांचीं नांवें पवित्र शास्त्रांत नाहींत. दुसऱ्या शतकांतील एका जुन्या ग्रंथांतून तीं आपणांस कळतात. त्या कथेप्रमाणें अपत्य नाहीं म्हणून मंदिरांत झालेला अपमान सहन न होऊन योआकीम रानांत निघून गेले, आणि आन्ना घरीं बागेंत एकटी शोक करीत राहिली. एकीचा शोक दुसऱ्यास दिसत नव्हता. देवदूतानें दोघांस वेगवेगळी वार्ता दिली. परंतु आनंद पुरा झाला तो दोघें नगरद्वारापाशीं भेटलीं तेव्हां. जॉत्तो या इटालियन चित्रकारानें सुमारें १३०५ सालीं पादुआच्या प्रार्थनामंदिरांत हीच भेट रंगविली. वय झालेलीं तीं दोघें एकमेकांस बिलगून उभीं आहेत.

आणखी एक गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल. ख्रिस्तसभेच्या पंचांगांत पूर्वी या पतिपत्नींचे सण निरनिराळ्या दिवशीं येत. आन्नेचा २६ जुलैस, योआकीमांचा १६ ऑगस्टला. १९६९ सालीं पंचांग सुधारलें, तेव्हां दोघांस २६ जुलै या एकाच दिवशीं आणण्यांत आलें. पुढें २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून नेमिला, तो याच सणाच्या आसपास. पंचांगांत वेगळीं पडलेलीं दोघें ख्रिस्तसभेनें एकत्र आणलीं. आपण आपल्या घरांत तेवढें कां करूं नये?

आतां प्रथम मुलांस, सुनांस व जांवयांस सांगतों. आईला बोलवावयाचें असेल तर बाबांस अगोदर विचारा, आणि शक्य असेल तेथें तिकिटें दोन काढा. पैशांची अडचण मी जाणतों. पण सहा महिन्यांसाठीं एकीस नेण्यापेक्षां तीन महिन्यांसाठीं दोघांस नेणें बरें नव्हे काय? कॅनडांत आईवडिलांसाठीं ‘सुपर व्हिसा’ आहे. २०२२ पासून त्यावर एका वेळीं पांच वर्षांपर्यंत राहतां येतें, मात्र वर्षभराचा आरोग्यविमा लागतो. संयुक्त अरब अमिरातींत तर नियमच असा आहे कीं, आईवडिलांस राहण्यासाठीं आणणाऱ्यानें दोघांचीहि हमी घ्यावी. एकासच आणावयाचें तर मृत्यु किंवा घटस्फोट यासारखें कारण कागदपत्रांनीं दाखवावें लागतें. परक्या देशाचा कायदाहि हयात जोडप्यास एक समजतो. आपण पोटचीं मुलें असून त्यांचे दोन भाग करावे, हें शोभत नाहीं.

दुसरें असें कीं, आजी म्हणजे बिनपगारी दाई नव्हे. बाळंतपणांत आईचा हात हवासा वाटतो, हें स्वाभाविक आहे. त्या हातास विश्रांतीहि हवी, हें विसरूं नये. परक्या देशांत तिला एकटीला बाहेर पडतां येत नाहीं, भाषा अपुरी पडते, मिस्सेस जावयाचें तर कोणीतरी गाडीनें न्यावें लागतें. आठवड्यांतून एक दिवस तिचा स्वतःचा असूं द्या.

आतां आजोबा-आजींनो, तुम्हांसहि दोन शब्द. तुम्ही मनांतलें बोलत नाहीं. ‘मुलांस वाईट वाटेल’ म्हणून गप्प बसतां, आणि मग रात्रीं दिवस मोजतां. दोघें मिळून एक उत्तर द्या : ‘आम्ही येऊं, पण दोघें येऊं.’ पहिल्या खेपेस मुलांस अवघड वाटेल. दुसऱ्या खेपेस तीं स्वतःच दोन तिकिटें पाहतील.

नातवंडांस काय द्यावें, असें मला पुष्कळजण विचारतात. खेळणीं त्यांस उदंड आहेत. त्यांस मराठी द्या. विरारच्या नातवाशींहि आपण इंग्रजींत बोलूं लागलों आहों, मग टोरोंटोच्या नातीची गोष्ट कशाला? नातें आत्याचें कीं मावशीचें, चुलत्याचें कीं मामाचें, हें ज्या भाषेंत वेगळें कळतें ती भाषा मुलास घरांतच मिळते, आणि आईबाप नोकरीवर असतां ती देणारें दुसरें कोण आहे? आजोबांनीं एक गोष्ट सांगावी आणि आजीनें मध्येंच ‘असें नव्हतें, असें होतें’ म्हणून ती सुधारावी. नातवंडें त्यावर हसतात, आणि संसार कसा चालतो तेंहि त्यांस न कळत कळतें. तें एकट्याच्या गोष्टींत नाहीं.

प्रवास केवळ मुलांच्या कामासाठीं करूं नका, आपल्यासाठींहि करा. महर्षि धोंडो केशव कर्वे १९२९ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, जगाच्या प्रवासास निघाले. तुम्ही निदान वेंगुर्ल्यापर्यंत जा! रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्यें काढून घेतली गेली, हें खरें, पण एस.टी.नें ऑगस्ट २०२२ मध्यें पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस विनामूल्य प्रवास दिला, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांस अर्धें तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांसहि अर्धें.

आणि घराविषयीं सावध रहा. नवी जागा मिळाली म्हणजे ती मुलांच्या नांवें करण्याची घाई होते. प्रेम असावें, पण कागद नीट असावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयींच्या कायद्याच्या २३ व्या कलमान्वयें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता तो सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊं शकतें. म्हणून ती अट दस्तऐवजांत स्पष्ट लिहून घ्या. त्यानें मुलांचा अपमान होत नाहीं. उलट पुढचें भांडण टळतें.

शेवटीं आपल्या पॅरिशचें कर्तव्य. कांहीं घरांत आजी परदेशीं आहेत व आजोबा डब्यावर जेवतात. कांहीं घरांत उलट आहे. अशा एकट्या पडलेल्यांची यादी प्रत्येक विभागाच्या कार्यकर्त्यांनीं करावी. रविवारीं मिस्सेनंतर त्यांपैकीं एकास आपल्या घरीं जेवावयास न्यावें. दूर असलेल्याशीं फोनवर बोलतां येत नसेल तर एखाद्या तरुणानें पंधरा मिनिटें जवळ बसून तो जोडून द्यावा. आणि ज्यांचा जोडीदार देवाघरीं गेला आहे, त्यांस या भाषणानें दुःख झालें असेल तर मी त्यांस एवढेंच सांगेन कीं, दोघांचें एक घर म्हणजे काय हें आमच्याहून तुम्हींच अधिक जाणतां. तें तरुणांस सांगा. तुमचें ते ऐकतील.

वेदीसमोर दोघांनीं वचन दिलें तेव्हां त्यांत निवृत्तीनंतरचा काळ वगळला नव्हता. ज्या आजोबांच्या १९० दिवसांविषयीं मीं सांगितलें, त्यांच्या घरीं पुढच्या बाळंतपणाची वार्ता आली आहे. धाकटी मुलगी आतां पुण्यास आपल्या घरीं आहे. या खेपेस तिनेंच फोन करून विचारलें, ‘बाबा, तुम्ही दोघें केव्हां येतां?’ असा प्रश्न आपल्या प्रत्येक घरांतून विचारला जावो, आणि या महोत्सवी वर्षांत देव तुम्हां सर्व जोडप्यांस दीर्घायुष्य व सहवास देवो, ही माझी प्रार्थना आहे.